गुडघे किंचित सैल

नोएमीच्या बुटांवर थुंकण्याचं काम माझं होतं.
हसू नका, मानाचं काम होतं ते.
जुन्या बनियनचं फडकं, काळ्या पॉलिशची डबी,
थुंकी थेंबभर,
आणि बोट गोल गोल, गोल गोल,
टोकात स्वयंपाकघरातला बल्ब
अख्खा दिसेपर्यंत.

नेब्रास्कातलं आमचं गाव: रेल्वेचं फाटक, मक्याचं कोठार
आणि मांसाचा कारखाना,
ज्याच्या वासाला मुख्याध्यापक 'पगाराचा वास' म्हणायचे.
आई दुसऱ्या पाळीत हाडावरचं मांस सोडवायची.
रात्री दीडला यायची. बोटं मिटायची नाहीत.
तशा बोटांनी नोएमीच्या शर्टावर इस्त्री फिरवायची,
रिबन पट्टीने मोजून लावायची,
खिशाच्या शिवणीपासून एक सूत वर.
सकाळी नोएमी म्हणायची, आई, अर्धं सूत घसरलीय.

आईला गणवेशाचं भय होतं.
ती सात वर्षांची असताना, ग्वाटेमालातल्या डोंगरावर,
गणवेश गावात आले
आणि परत गेले तेव्हा गाव थोडंच उरलं होतं.
याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही.
फक्त कॉलरपाशी आली की
इस्त्री जरा जास्त वेळ थांबायची.
दोन कॉलर त्यात करपल्या.

पहिला तास सातला, जिमच्या मागच्या खोलीत.
सार्जंट टॉलिव्हर, निवृत्त, डाव्या कानाने बहिरे.
फळ्यावर लिहायचे: नेतृत्व म्हणजे काय?
पोरं सांगायची धैर्य, सचोटी, त्याग.
ते पुसून टाकायचे.
'डेल्बर्ट तीन दिवस आला नाही. कुणी फोन केला?'
सगळे आपापल्या बुटांकडे बघत.
(मी घासलेल्या बुटांकडे एकजण तरी.)
त्या दिवशी तेवढाच धडा.

नोव्हेंबरातल्या संचलनात लिबान कोसळला.
वर्गातला सर्वांत उंच, सर्वांत ताठ,
लाकडी रायफलीसकट सरळ पुढे, फळीसारखा.
दोन टाके पडले हनुवटीला.
सार्जंट म्हणाले, 'सावधान म्हणजे खांब नव्हे.
गुडघे आवळले की रक्त वर चढत नाही.
किंचित सैल ठेवा.
बाहेरून कुणाला दिसता कामा नये.'

हिवाळाभर नोएमी आईची परीक्षा घेत होती.
सिनेटर किती? शंभर.
आई किचेमध्ये विचार करायची, स्पॅनिशमध्ये कुरकुरायची,
इंग्रजीत उत्तर द्यायची.
'एकेका राज्याला दोन? आमच्या अख्ख्या पाळीला
ऐकणारा एक माणूस नाही.'
नोएमी म्हणाली, हे तिथे बोलू नकोस.
मग जरा थांबून म्हणाली,
नंतर बोल. नंतर बोलता येतं.

शपथविधी आमच्याच जिममध्ये होता.
बास्केटखाली खुर्च्या, बेचाळीस माणसं.
दार उघडलं आणि झेंडा घेऊन नोएमी आली,
बाजूला लिबान, हनुवटीवर पांढरी रेघ.
तिने आईकडे पाहिलं नाही.
पाहायचं नसतं.
आईनेही हाक मारली नाही,
फक्त उजवा हात वर केला,
त्यातली दोन बोटं वाकडीच राहिली.

सगळे उभे, मी बसलेला,
म्हणून मला एकट्याला दिसलं:
आईच्या नव्या स्कर्टची चुणी
गुडघ्यापाशी हलली, किंचित.
कुणी शिकवलं होतं ते मला माहीत होतं.

शेवटचा शब्द संपला आणि आई नागरिक झाली.
त्याच क्षणी नोएमीही, तोंडातून अक्षर न काढता,
आणि मीही, शिंक दाबून धरलेला.
अठराच्या आतल्यांना वेगळी शपथ नसते.

मग आज्ञा झाली आणि ती माझ्या शेजारून गेली,
टाच, टाच, टाच.
डाव्या बुटाच्या टोकावर कुणाचातरी पाय पडला होता,
धुळीचा अर्धा ठसा,
बाकी अर्ध्यात जिमचे दिवे.
आज रात्री घासावा लागेल, मी म्हटलं,
आणि शिंकलो.